बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचाय? पहिले मशीन पाहा, मग रूफस उघडा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् तेव्हापासून ज्याच्या घरी जुना लॅपटॉप आहे तो एकच विचारून राहिला, भाऊ याच्यावर काय टाकू, अकरा टाकू का ते लिनक्स टाकू, अन् टाकायचं तर कसं. त्यासाठी बूटेबल पेनड्राइव्ह लागतो, म्हणजे ज्याच्यावरून मशीन चालू करून नवीन विंडोज, नाहीतर लिनक्स ही दुसरी फुकट सिस्टम, टाकता येते असा पेनड्राइव्ह, अन् तो घरबसल्या बनतो, भर उन्हात लॅपटॉप पाठीवर घेऊन नागपूरच्या बर्डी बाजारात जायची काही गरज नाही.

पेनड्राइव्ह बनवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. लोक अडकतात ते त्याच्या आधी नाहीतर त्याच्या नंतर. व्हिडिओ पाहून रूफस (पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) उघडलं, स्टार्ट दाबलं, पेनड्राइव्ह तयार झाला, लॅपटॉपला लावला अन् स्क्रीनवर आलं ‘नो बूटेबल डिव्हाइस’. मग म्हणतात पेनड्राइव्ह खराब आहे. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह चांगलाच असतो, फक्त तो एका पद्धतीचा बनलेला असतो अन् मशीन दुसऱ्या पद्धतीनं चालू होत असतं. म्हणून मी उलटीकडून सुरू करतो.

मशीन कोणतं आहे ते पाहा

लॅपटॉप अजून चालू होत असेल तर स्टार्टमध्ये जाऊन ‘सिस्टम इन्फर्मेशन’ शोधा अन् उघडा. उजवीकडं लंबी यादी येते, त्यात ‘बायोस मोड’ अशी एक ओळ असते अन् तिच्यापुढं एकतर यूईएफआय (मशीन चालू व्हायची नवी पद्धत) लिहिलेलं असतं नाहीतर लेगसी (जुनी पद्धत). ही एक ओळ कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं हिच्यावर आहे. यूईएफआय असेल तर रूफसमध्ये जीपीटी निवडायचं, लेगसी असेल तर एमबीआर, हे डिस्कचे भाग पाडायचे दोन प्रकार आहेत.

साधारण २०१२-१३ नंतर विंडोज ८ सोबत आलेले लॅपटॉप यूईएफआयवालेच असतात. पण आपल्याकडं एक गंमत झालेली आहे, त्या काळात लय लोकांनी नवीन लॅपटॉप घेतल्याबरोबर दुकानातून विंडोज ७ टाकून घेतलं अन् टाकणाऱ्यानं मशीन लेगसी मोडवर करून ठेवलं, ते अजूनही तसंच आहे. असं असेल अन् तुम्ही सगळी डिस्क साफच करणार असाल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन यूईएफआय करून टाका अन् जीपीटीवाला पेनड्राइव्ह बनवा. जुना डेटा त्याच डिस्कवर ठेवायचा असेल तर मात्र मोडला हात लावू नका, नाहीतर आहे ते विंडोजही चालू होणार नाही.

त्याच खिडकीत प्रोसेसर अन् रॅमही दिसते. विंडोज ११ ला कंपनीच्या हिशोबानं इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडी असेल तर साधारण रायझन २००० मालिका किंवा पुढची, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर उठू देणारी सोय) अन् टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. पिढी नंबरावरून कळते, आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. रूफसमध्ये टीपीएम, सिक्युअर बूट अन् रॅमची अट काढून टाकायची सोय आहे अन् ती चालतेही, पण अशा मशीनला अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, अन् वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येईल याच्या भरवशावर राहू नका, पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसायची तयारी ठेवा. अन् कोअर टू ड्युओच्या जमान्यातलं मशीन असेल तर विषयच संपला, २४एच२ (२०२४ चं मोठं अपडेट) पासून पुढचं विंडोज ११ त्या प्रोसेसरवर उठतच नाही, त्यात लागणाऱ्या काही सूचना त्या चिपमध्येच नाहीत, रूफस तरी काय करणार.

माझं मत विचाराल तर सातवी पिढी किंवा त्याच्या मागचं मशीन, ४ जीबी रॅम, अन् काम म्हणजे ब्राउझर, पीडीएफ, पोरांचे लेक्चर, तर लिनक्स मिंट टाका अन् मोकळे व्हा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) किंवा श्रीलिपीवर (मराठी टायपिंगचं) रोजचं काम असेल तर विंडोजवरच राहा, उगाच धंद्याच्या मशीनवर प्रयोग नको. अन् घाई नसेल तर विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट घेता येतात, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर त्याची लिंक दिसते.

डेटा, अन् टॅलीवाल्यांसाठी जरा जास्त

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो हे सगळेच कॉपी करतात. राहून जातं ते बाकीचं. ब्राउझरमधले पासवर्ड अन् बुकमार्क, व्हॉट्सॲपवरून आलेल्या अन् भलत्याच फोल्डरमध्ये पडलेल्या फाइल्स. टॅली असेल तर डेटाचं फोल्डर कुठं आहे ते टॅलीतच पाहा, बॅकअप घ्या, अन् फॉर्मॅटच्या आधी लायसन्स सरेंडर करा म्हणजे नवीन विंडोजवर पुन्हा ॲक्टिव्हेट करताना डोक्याला ताप नाही. प्रेसवाले, डीटीपीवाले, श्रीलिपीचे फॉन्ट अन् सेटअप दोन्ही बाजूला काढून ठेवा, कारण जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये नसतात अन् तो फॉन्ट नसला की नुसती भलतीसलती अक्षरं दिसतात.

अजून एक, सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की असते, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, तिचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद-चालू केलं की विंडोज ही की मागू शकतं, अन् की नसली तर डेटा गेला समजा.

सामान

पेनड्राइव्ह कमीत कमी ८ जीबी, १६ असला तर बरं. त्याच्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका. यूएसबी ३ वाला घ्या, साधा स्वस्तातला सेकंदाला ५ एमबीच्या वेगानं लिहीत असेल तर ६ जीबीला २० मिनिटं जातात. रस्त्यावर दोनशे-तीनशे रुपयांत ‘१ टीबी’ लिहिलेला मिळतो तो तर हातातच घेऊ नका, आतली चिप भलतीच लहान असते, वरून साइज खोटी दाखवते, अन् जागा भरली की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं.

आयएसओ फाइल, म्हणजे विंडोज किंवा मिंटचं पूर्ण सेटअप एकाच फाइलमध्ये, फक्त मूळ ठिकाणाहून. विंडोजची मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, पाच जीबीच्या वर असते. मिंटची मिंटच्या साइटवर, तीन जीबीच्या आसपास. ‘प्री-ॲक्टिव्हेटेड’ म्हणून टेलिग्रामवर फिरणारी फाइल घेऊ नका, त्यात अजून काय काय घालून ठेवलंय ते तुम्हाला दिसणार नाही. अन् त्याची गरजही नाही, लायसन्सवालं विंडोज १० किंवा ११ घेऊन आलेल्या लॅपटॉपमध्ये की मदरबोर्डमध्येच लिहिलेली असते, तीच एडिशन टाकली की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. रोज दीड-दोन जीबीचा डेटा पॅक असेल तर मित्राच्या वायफायवर जाऊन उतरवा, अर्धवट फाइलचे जोड लावत बसू नका.

उतरवल्यावर चेकसम (फाइलवरून निघणारी तिच्या ओळखीची अक्षरं) तपासा. कोणीच तपासत नाही, पण याच्यामागं खरा किस्सा आहे. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची साइट हॅक झाली होती अन् १७.३ सिनेमन आवृत्तीच्या लिंकवरून चोरवाट घातलेली आयएसओ लोकांना मिळून राहिली होती. मिंटवाल्यांनी मग खऱ्या फाइल्सचे चेकसम जाहीर केले, त्यांच्याशी जुळवून आपली फाइल नकली आहे का ते कळत होतं. रूफसमध्ये आयएसओ निवडली की बाजूला एक बरोबरची खूण असलेलं बटण येतं, ते दाबलं की एसएचए२५६ नावाची लंबीचौडी ओळ मिळते, ती साइटवर दिलेल्या ओळीशी जुळवा. सुरुवातीची अन् शेवटची आठ-दहा अक्षरं डोळ्यानं पाहिली तरी अर्धवट डाउनलोड लगेच पकडल्या जातं, पण पूर्ण ओळ कॉपी करून जुळवलेली बरी.

नुसती आयएसओ कॉपी केली तर काहून चालत नाही

लॅपटॉप चालू होताना त्याला आयएसओ-बियएसओ काही समजत नाही. यूईएफआय मशीन पेनड्राइव्हवर फॅट३२ (फाइल्स ठेवायची जुनी पद्धत) चं पार्टिशन, म्हणजे भाग, शोधतं, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात बूट नावाचं फोल्डर, अन् त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल, ती सापडली तर चालवतं, नाही तर पुढं जातं. लेगसी मशीन तर फाइल पाहतच नाही, ते डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेला कोड चालवतं. आयएसओ फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाकली तर यातलं काहीच तिथं नसतं.

मग हुशार माणूस म्हणतो, आयएसओ उघडून आतल्या फाइल्स फॅट३२ पेनड्राइव्हवर टाकतो ना. मिंटसाठी यूईएफआयवर हे चालूनही जातं. विंडोजला अडतं, कारण त्यातली इन्स्टॉल नावाची मोठी फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असते अन् फॅट३२ मध्ये फाइलची साइज ३२ बिटांत लिहितात, ४ जीबीच्या वर आकडाच मावत नाही. रूफस इथं डोकं लावतं, मोठं पार्टिशन एनटीएफएसचं (मोठ्या फाइल्स चालणाऱ्या पद्धतीचं) करतं अन् शेवटी एक इवलंसं फॅटचं पार्टिशन ठेवतं, ज्यात एनटीएफएस वाचायचा छोटा ड्रायव्हर असतो, मशीन पहिले त्याच्यावरून उठतं अन् मग मोठ्या पार्टिशनवर उडी मारतं. म्हणून पेनड्राइव्ह बनल्यावर बूट मेनूत भलतंच नाव दिसलं तर घाबरू नका.

आता रूफस

रूफस डॉट आयई ही मूळ साइट, सर्चमध्ये वर जाहिरातीवाल्या नकली साइटही येतात, तिकडं जाऊ नका. पीट बटार्ड नावाच्या माणसानं २०११ पासून बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन-एक एमबीचं, इन्स्टॉल करायची गरज नाही, पोर्टेबल घ्या अन् उघडा.

उघडायच्या आधी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर काढून ठेवा, म्हणजे ‘डिव्हाइस’च्या खान्यात एकच नाव येईल अन् चुकायला जागाच राहणार नाही. खाली प्रगत पर्यायांत यूएसबी हार्ड डिस्क दाखवायची एक टिक आहे, ती मुद्दाम बंद ठेवलेली असते, बंदच राहू द्या, बॅकअप घेतलेली हार्ड डिस्कच पुसून टाकायचा तो राजमार्ग आहे.

मग ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ दाखवा. याच बटणाच्या बाजूच्या बाणातून ‘डाउनलोड’ निवडलं तर रूफस स्वतःच मायक्रोसॉफ्टकडून विंडोजची आयएसओ उतरवतं. ‘पार्टिशन स्कीम’मध्ये कागदावर लिहिलेलं पाहा अन् जीपीटी किंवा एमबीआर निवडा, टार्गेट सिस्टम त्याच्यामागं आपोआप बदलते. फाइल सिस्टम, क्लस्टर साइज वगैरे रूफसनं जे ठेवलंय तेच राहू द्या.

स्टार्ट दाबलं की विंडोज ११ असेल तर टिकांची एक खिडकी येते. टीपीएमची अट काढायची टिक जुन्या मशीनलाच करा, नवीनला नको. ऑनलाइन अकाउंटची अट काढायची अन् लोकल अकाउंट बनवायची टिक मला आवडते, पण ती चालायला सेटअपच्या वेळेस नेट जोडायचं नाही. बिटलॉकर आपोआप चालू होऊ नये अशीही एक टिक आहे, घरच्या मशीनला मी ती करायला सांगतो, कारण रिकव्हरी की सांभाळून ठेवणारी माणसं मी तरी कमीच पाहिलीत.

मिंट असेल तर वेगळा प्रश्न येतो, आयएसओ मोडमध्ये लिहू का डीडी मोडमध्ये. आयएसओ मोड घ्या. त्यानं बूट नाही झालं तरच डीडी, अन् डीडीनंतर विंडोज त्या पेनड्राइव्हला ओळखत नाही, ‘फॉर्मॅट करू का’ म्हणून मागं लागतं, तिथं नाही म्हणा.

काम संपलं की हिरवी पट्टी पूर्ण भरलेली अन् त्यावर ‘रेडी’ लिहिलेलं दिसतं. इथं लय लोक गोंधळतात, त्यांना वाटतं अजून सुरूच झालं नाही अन् पुन्हा स्टार्ट दाबतात. झालंय बावा, क्लोज करा अन् पेनड्राइव्ह इजेक्ट करून काढा. मधात लाईट गेली तर काही बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून लिहायचं. इन्स्टॉल सुरू असताना मात्र लॅपटॉपला चार्जर लावलेला अन् बॅटरी निम्म्याच्या वर पाहिजे, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर असताना जुनं मशीन दुपारी घेऊन बसू नका, तापून मधातच बंद पडतं, सकाळी करा नाहीतर कूलरसमोर बसा, पण पाण्याचे तुषार उडणार नाहीत इतक्या अंतरावर.

रूफस नाही तर काय

वेंटॉय. ज्याला वारंवार वेगवेगळ्या मशीनवर काम करायचं आहे, कॉलेजातली पोरं, दुरुस्तीवाले, त्यांनी हेच घ्यावं. एकदा पेनड्राइव्हवर वेंटॉय टाकायचं, मग आयएसओ फाइल्स नुसत्या कॉपी करत जायच्या, विंडोज, मिंट, अजून काय काय, बूट झाल्यावर यादी येते त्यातून निवडायचं. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्या वेळेस निळी स्क्रीन येऊन ‘एनरोल की’ करायला सांगते, ते एकदा केलं की त्या मशीनवर पुन्हा नाही.

लिनक्सवर असाल तर मिंटमध्ये ‘यूएसबी इमेज रायटर’ आधीच आहे, लिनक्सच्या आयएसओला तो पुरतो. अन् घरात दुसरा कॉम्प्युटरच नसेल तर अँड्रॉइड फोनवर एचड्रॉइड नावाचं ॲप आहे, ओटीजी केबलनं पेनड्राइव्ह लावायचा अन् लिनक्सची आयएसओ लिहायची, रूट-बिट काही लागत नाही. विंडोजची आयएसओ मात्र त्यानं होत नाही.

बूट करताना

पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करा अन् लगेच बूट मेनूची की टपटप दाबत राहा. डेल, लेनोवो, एसर ला एफ१२, एचपीला एस्केप अन् मग एफ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरमध्ये कधी एफ१२ बंद असतं, एफ२ नं बायोसमध्ये जाऊन ‘एफ१२ बूट मेनू’ चालू करावं लागतं. काही लॅपटॉपवर एफएन सोबत दाबावी लागते. लेनोवो आयडियापॅडला बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्यात टाचणी घातली की मेनू येतो.

किती दाबलं तरी विंडोजच उघडत असेल तर ‘फास्ट स्टार्टअप’मुळं मशीन खरं बंदच झालेलं नसतं. शिफ्ट दाबून धरा अन् रीस्टार्टवर क्लिक करा, निळ्या स्क्रीनवर ‘यूज अ डिव्हाइस’ येईल, तिथून पेनड्राइव्ह निवडा.

मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा पुढं यूईएफआय लिहिलेलं अन् एकदा नुसतं कंपनीचं नाव. जीपीटीवाला बनवला असेल तर यूईएफआयवाला निवडा. दुसरा निवडला की तोच ‘नो बूटेबल’चा झामेला. पेनड्राइव्ह दिसतच नसेल तर पोर्ट बदला, डेस्कटॉप असेल तर मागचं, मदरबोर्डवरचं पोर्ट घ्या, समोरच्या पोर्टची वायर बऱ्याचदा ढिली असते.

मिंट असेल तर इन्स्टॉल करायच्या आधी तिथंच लाइव्ह चालवून पाहा, वायफाय, आवाज, ब्राइटनेस, कॅमेरा. डिस्कला धक्काही लागत नाही. वायफाय नाही चाललं तर फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग करा अन् ड्रायव्हर मॅनेजर उघडा. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड लेआउटच्या यादीत इनस्क्रिप्ट मराठी मिळतं.

डिस्क निवडताना थांबा

खरा धोका इथं आहे. आजकाल जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकून जुनी हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी बसवतात, म्हणजे सेटअपला दोन डिस्क दिसतात, डिस्क ० अन् डिस्क १. नंबरावर जाऊ नका, साइज पाहा. २४० जीबीची एसएसडी २२३ च्या आसपास दिसते, १ टीबीची हार्ड डिस्क ९३१. साफ टाकायचं असेल तर एसएसडीवरची पार्टिशनं डिलीट करून रिकाम्या जागेवर नेक्स्ट करा, दुसऱ्या डिस्कला हातही लावू नका.

डेस्कटॉप असेल तर बंद करून हार्ड डिस्कची केबलच काढा, इन्स्टॉल झालं की लावा. नुसती पुसली जाऊ नये म्हणून नाही, विंडोजला जुन्या डिस्कवर आधीचं बूट पार्टिशन दिसलं तर ते आपला बूटलोडर (विंडोज उठवणारा छोटा प्रोग्राम) तिथंच ठेवतं, अन् पुढं दोन वर्षांनी ती हार्ड डिस्क मेली की चांगल्या एसएसडीवरचं विंडोजही उठत नाही, अन् कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

एकही डिस्क दिसत नसेल अन् लॅपटॉप इंटेल अकराव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर डिस्क खराब नाही. व्हीएमडी नावाची सोय चालू असते अन् तिचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसतो. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उघडून त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा, अन् सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’नं दाखवा.

फाइल्स कॉपी झाल्या की मशीन रीस्टार्ट होतं, तेव्हा पेनड्राइव्ह काढून घ्या. नाही काढला तर काही मशीन पुन्हा त्याच्यावरूनच उठतात अन् सेटअप पहिल्यापासून सुरू होतं, लोक एकच विंडोज तीन-तीनदा टाकत बसतात.

पेनड्राइव्ह पुन्हा साधा करायचा असेल तर रूफस उघडा, ‘बूट सिलेक्शन’मध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडा अन् स्टार्ट करा, लपलेली पार्टिशनं जाऊन पूर्ण साइज परत येते. मोठ्या फाइल्स न्यायच्या असतील तर एक्सफॅट ठेवा, गाडीच्या स्टिरिओला किंवा जुन्या टीव्हीला लावायचा असेल तर फॅट३२.